मंगळवार, अकराचा तास

फेब्रुवारी. डनीडनचा उन्हाळा म्हणजे
नाकावर ऊन आणि अंगात स्वेटर.
माझ्या दारावर पाटी: अभ्यासक्रम सल्ला.
आत टेबल, दोन खुर्च्या, किटली,
आणि पाच वर्षांचा कोरा तक्ता.

राविनिया ओमारूहून आली, सकाळच्या बसनं,
खिशात चार घड्यांचा कागद.
मानसशास्त्र आणि कायदा, जोडपदवी.
"दोन्ही?" मी विचारलं. सगळ्यांनाच विचारते.
कुणी म्हणतं आईची इच्छा, कुणी म्हणतं टीव्हीवर पाहिलं.
ती म्हणाली, "दोन्ही,"
आणि कागद उलगडला.

पेन्सिलीनं आखलेले चौकोन, कडा बोटांनी मळलेल्या.
संख्याशास्त्र आधीच उरकून घे, म्हटलं,
नाहीतर तिसऱ्या वर्षी मानगुटीवर बसतं.
करार. अपकृत्य. मेंदूची रचना.
प्रयोगशाळा गुरुवारी, दोन ते पाच.
हल्ली उंदीर नसतात, घाबरू नकोस.
ती हसली नाही.

तिचं बोट तिसऱ्या वर्षावर येऊन थांबलं.
मंगळवार, अकरा: स्मृती.
मंगळवार, अकरा: पुरावा.

दरवर्षीचंच हे.
एक विभाग लीथ ओढ्याच्या या काठाला, दुसरा त्या,
मध्ये पूल आहे,
आणि पंधरा वर्षं माझी पत्रं तो ओलांडतात.
"एक विषय चौथ्या वर्षात ढकलू."
"आधी कोणता?"
"काय फरक पडतो?"

ती किटलीशी बोलावं तसं बोलली.
"चौदाची होते. पेट्रोल पंपाबाहेर चिप्स खात होते.
एक माणूस पळत गेला. हिरवं जाकीट.
पोलिसांनी फोटो मांडले. म्हटलं, बहुतेक हा.
महिन्यानं सरकारी वकिलांनी विचारलं. म्हटलं, हा.
कोर्टात शपथ घेऊन म्हटलं,
हाच. कुठेही ओळखीन.
कुणी पढवलं नव्हतं मला.
मी खोटं बोललेच नाही.
फक्त दर खेपेला तो पळणारा चेहरा
त्या फोटोसारखा होत गेला."

किटली केव्हाच बंद झाली होती.
"कदाचित तोच असेल," ती म्हणाली.
"तेच तर."

मी नियमावली उघडली, हातांना काहीतरी हवं म्हणून.
पुराव्याला स्मृतीची पूर्वअट नाही.
स्मृतीला पुराव्याची नाही.
इतकी वर्षं हे पान मला पाठ आहे,
आणि आज पहिल्यांदाच ते वाचलं.

तिला सांगितलं नाही, पण मीही एकदा ज्युरीत बसले होते.
एक म्हातारे गृहस्थ थरथरतं बोट उचलून म्हणाले, हाच,
आणि आम्ही बाराही जणांनी
किती सुखानं श्वास सोडला होता.

बराच वेळ खोडरबराचा आवाज.
तिसऱ्यात स्मृती. नाही, खोडलं.
तिसऱ्यात पुरावा.
"मी काय केलं ते आधी कळू दे," ती म्हणाली,
"कसं झालं ते चौथ्यात."
खोडलेला शब्द खालून दिसत राहिला,
ओमारूच्या पांढऱ्या दगडावर ओल दिसते तसा.

मग पाचव्या वर्षाच्या कोपऱ्यात, रिकाम्या चौकोनात,
तिनं आपणहून लिहिलं: रेखाटन, चेहरे.
"याचे गुण धरत नाहीत," मी म्हटलं.
"माहीत आहे."

बस चार दहाची. बुटांच्या नाड्या तिनं दोनदा बांधल्या.

संध्याकाळी दोन्ही विभागांना नेहमीचं पत्र लिहिलं:
तासाची वेळ बदलावी, ही विनंती.
कारणापुढे तीन ओळी जागा असते.
मी दोन भरल्या, कापल्या,
आणि लिहिलं, विद्यार्थिनीची अडचण.
पत्र उद्या पूल ओलांडेल.
उद्या मंगळवार.