सहाचे आठ गट

रात्रीत कुणीतरी सुधारणा पाठवली.
रात्र म्हणायचं एवढंच, जुलैत ट्रॉम्सोला
सूर्य टेकतही नाही कुठे.
सुधारणाच होती. संशय यावा असं त्या शब्दात काही नव्हतं.
सकाळी इस्पितळातले सगळे पडदे निळे,
बर्फावर मांडलेल्या माशांच्या डोळ्यांसारखे
उघडे, आणि न बघणारे.

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडलं?
न फिरवल्यामुळे. आपलं उत्तर पाठ.
इथे फिरवल्यामुळेच अडलं होतं सगळं,
आणि फिरवणारा कुठल्या खंडात
कूस बदलत होता कोण जाणे.

इंग्वाल्डला वाटलेलं, बिघाड आला तशीच दुरुस्तीही जाईल,
तारेतून, कुणाची झोप न मोडता.
नाही गेली.
प्रत्येक यंत्रापाशी एक माणूस बसायला हवा,
त्याच्या कानाशी दुसरा,
आणि दोघांच्या मधे अठ्ठेचाळीस आकडे.
आकड्यांची यादीही बंद यंत्रातच.
पण निवृत्तीला चार महिने उरलेल्या गुन्वोरनं
मागच्या वर्षी ती छापून फायलीत लावली होती,
तेव्हा सगळे हसले होते.
आज कुणी हसलं नाही.
माफीही मागितली नाही कुणी. वेळ कुठे होता.

दोनशे बारा यंत्रं. त्यातलं सदतिसावं
समुद्रापलीकडे, बेटावरच्या दवाखान्यात.
फोनवर आसलाउग. "थांब, पेन्सिल शोधते. हं, बोल."

पाच, शून्य, चार, नऊ, नऊ, एक.
"सावकाश रे. एक की सात?
माझाच एक मला सातसारखा दिसतोय."
एक.
"काही ऐकू येत नाही, बाहेर कुरव भांडतायत. खिडकी लावते."
खिडकी लागली. रक्तदाब मोजून घ्यायला आलेलं कुणीतरी
खोकलं, खुर्ची सरकली.
चौथ्या गटात चूक निघाली.
पुन्हा पहिल्यापासून.

सहावा गट.
दोन, आठ, चार, एक, सहा, शून्य.
पलीकडे काहीच नाही.
"हॅलो? लाइन आहे ना?"
"आहे," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळानं,
"हा आमच्या घरचा नंबर होता.
जुना, सहा आकडी.
धाकटा भाऊ बंदरावरून फिरवायचा,
पोचलोय, बटाटे टाका म्हणून.
एकदा नाही फिरवला."

इंग्वाल्ड चोवीस वर्षांचा.
चकतीचा फोन त्यानं कधी हाताळलेला नाही.
समोर अजून एकशे पंचाहत्तर यंत्रं,
खाली रक्त तपासणारी मुलं नळ्यांवर हातानं नावं लिहितायत,
आणि अशा वेळी काय बोलायचं
हे त्या फायलीत नव्हतं.
म्हणून त्यानं तेच सहा आकडे पुन्हा वाचले,
एकेक,
मधली जागा एवढी लांब
की चकती फिरून जागेवर यावी.

"लिहिले," ती म्हणाली. "पुढे."

यंत्र उघडलं.
आधी कंपनीचं चिन्ह, मग कुठल्यातरी वाळवंटाचं चित्र,
मग कालची अर्धवट नोंद:
इन्सुलिन, फ्रीज, तापमान बघणे.
"आलं," ती म्हणाली. "तू काही खाल्लंस का?"
त्यानं खोटंच हो म्हटलं.
मग नियमाप्रमाणे सांगितलं,
आकडे लिहिलेला कागद आता फाडून टाका.
"हो, हो."

तो थोडा थांबला.
फाटल्याचा आवाज काही आला नाही.
त्यानं यादीत सदतिसाव्यापुढे खूण केली
आणि अडतिसावा नंबर लावला.