कंस

डॉक्टर म्हणाले, पोळ्यापासून आजवर
ज्याला ज्याला ताप आला, त्याची एक यादी काढा.
चारच्या जीपनं तालुक्याला जायला पाहिजे.

एक यादी? याद्या दोन आहेत.
एक आपल्या खिडकीवरची, केसपेपरची.
दुसरी टोल्याटोल्यांवरून
आशाताईंनी काचपट्ट्यांसोबत पाठवलेली.
रकाने तेच: नाव, वय, गाव, तारीख, रक्त.
मी एकीखाली एक जोडल्या
आणि सगळ्यात शेवटी अट घातली,
तारीख पोळ्याच्या पुढची.

चार हजार एकशे बारा ओळी.
लाइट गेली, इन्व्हर्टर कण्हला,
ओळी उतरतच राहिल्या.
ज्यांच्या पोरी आता बाळंतपणाला येतात त्यांचे ताप,
सरकारी मच्छरदाण्या यायच्या आधीचे ताप,
दोन कंत्राटी पोरांनी जुन्या रजिस्टरांतून
न वाचता टायपलेले ताप.

त्यातच मी.
सुकेशिनी गौतम रामटेके, वय सात, निगेटिव्ह.
निगेटिव्ह!
मग त्या कडू गोळ्या
गुळात दाबून मला काऊन चारल्या?

तेव्हा लक्षात आलं,
अट फक्त शेवटच्या यादीला लागली.
धानाचे दोन ढीग समोर,
सूप लागलं ते दुसऱ्यालाच,
पहिला तसाच, तूस-खड्यांसकट कोठीत.
दोन्ही याद्यांना आधी कंसात घ्यावं लागतं,
अट कंसाच्या बाहेर.

शेवंताबाई कुंभरे बाकावर बसून
काचपट्ट्या पुसत होत्या.
"कंस? किसनाचा मामा?"
तोच, म्हटलं. आत कोंडून ठेवतो.

आता त्रेसष्ट.
शेवंताबाईंनी डबी दोनदा मोजली.
"माह्याजवळ पासष्ट हायेत, बाई."

फुलवंता मडावी, वय पन्नास, एकच गाव, एकच तारीख,
रक्ताचा निकाल यायचा आहे.
एक तलावाच्या पाळीवर राहते, एक शाळेमागं.
पन्नास हे वयही शेवंताबाईंनीच
दोघींकडे बघून ठरवलेलं.
जोडताना यंत्रानं दोघींची एक बाई केली.
सारखं दिसेल ते एकदाच, असा त्याचा कायदा.
मी लिहिलं, सगळ्या ठेव.
चौसष्ट.

पासष्टावा सापडेना.
शेवटी कागदावर सापडला:
दिवाकर कोवे, वय चार,
तारखेच्या जागी शेवंताबाईंच्या अक्षरात
'तान्ह्या पोळ्याले, बैल घेऊन फिरला मंग'.
आठ आकड्यांच्या चौकटीत लाकडी बैल मावला नाही,
पोरांनी चौकट कोरी सोडली.
कोरी तारीख पोळ्याच्या आधीची नसते,
नंतरचीही नसते.
अटीला विचारलं तर ती
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही,
गप्प राहते, आणि गप्प राहिलेल्याला
यादीत जागा नाही.

मी कॅलेंडर काढून तारीख भरली.
पासष्ट. छापली, सही घेतली,
जीप धूळ उडवत गेली.

मग खिडकी बंद झाल्यावर,
कुणी मागितलं नव्हतं तरी,
मी अट बदलली.
एकच तारीख ठेवली, माझ्या सातव्या वर्षातली,
त्या दिवशी अजून कोण कोण तापलं होतं बघायला.

अकरा नावं.
चौथी ओळ:
शेवंता कुंभरे, वय तेवीस, पॉझिटिव्ह.

बाहेर बघितलं.
सायकलच्या हँडलला डबी लटकवून
त्या केव्हाच निघाल्या होत्या,
पाळीवरच्या फुलवंताकडं आधी,
मग शाळेमागच्या.