चिमटे

लक्ष्मीपुरीत मकबूलचाचा रद्दीच्या दुकानात
रविवारच्या पुरवण्या माझ्यासाठी बाजूला काढून ठेवतात.
तराजूत टाकत नाहीत.
"वाचून परत आण," म्हणतात,
"भेळवाल्याला द्यायच्यात."
म्हणून माझं वाचन घाईचं,
चुरमुऱ्यांच्या वाटेवरचं.

तिथंच सापडला तो लेख.
अर्धं पान, खालचा कोपरा उंदरानं खाल्लेला.
महापुरानंतरची शुक्रवार पेठ, एक फोटो स्टुडिओ,
आणि वडणगेकर नावाचा माणूस
लोकांच्या लग्नांचे भिजलेले फोटो
दोरीवर वाळत घालणारा.

मी 'हृदयद्रावक' शोधत राहिले.
कुठंच नव्हतं.
'निसर्गाचा कोप' नव्हता, 'ओलावलेल्या कडा' नव्हत्या.
होतं ते एवढंच, की चिमटे कमी पडले तेव्हा
त्यांनी आसपासच्या घरांतून मागून आणले, दोनशे बारा,
आणि एकेकावर बॉलपेननं ज्याचं त्याचं नाव घातलं,
परत करायचे म्हणून.

गवंडी सरांनी फळ्यावर लिहिलेलं
कोण, काय, कुठं, कधी, का, कसं.
यातल्या कुठल्या खणात ठेवायचं
ते बॉलपेन?

त्याच आठवड्यात मी गुऱ्हाळावर लिहिलं होतं.
सुरुवात: 'गुळासारखी गोड माणसं'.
सरांनी समासात 'छान' असं लिहिलेलं.
मी ते खोडलं.
'छान' नव्हे, गूळ.
आणि परत वाकऱ्याची बस धरली.

या वेळी जळव्याच्या पायांकडं बघितलं.
डाव्या पायात चप्पल, उजवा अनवाणी.
का, हे विचारायचा धीर व्हायलाच अर्धा तास गेला.
"उजवी गेली चुलवाणात," चिपाड सारत तो म्हणाला,
"आता सीझन संपल्यावरच जोडी."
गोड काही नव्हतं त्यात.
वहीत तेवढं एकच वाक्य घेऊन मी घरी आले
आणि रात्रभर त्याला काही जोडलं नाही.
हात शिवशिवत होते.

मग एका गुरुवारी शुक्रवार पेठेत गेले.
स्टुडिओ आहे अजून.
भिंतीवर पाण्याची रेघ, माझ्या खांद्याच्या वर,
तिच्यावर त्यांनी कॅलेंडर लावलेलं नाही.

"ती मिठारी बाई होय?
पहिल्या दिवशी काहीच विचारलं नाही ओ तिनं.
चिमटे पुसत बसली.
दुसऱ्या दिवशी पण तेच.
शेवटी मीच म्हटलं, अहो, लिहा की काहीतरी!"

हसले. गल्ल्यातून एक निळा चिमटा काढला,
त्यावर अर्धवट पुसलेलं 'आवळे'.
"हे घर सोडून गेले. द्यायचा राहिलाय."

मग, मी काहीच विचारलं नसताना,
चिमटा उघडत, मिटत:
"एक सांगू?
तिच्यासमोर मी रडलो होतो. ढसाढसा.
गावाचे अल्बम वाचवले,
माझ्याच लग्नाचा तेवढा लगदा झाला.
पेपर आला त्या दिवशी भीत भीत उघडला.
तिनं छापलंच नव्हतं."

केएमटीच्या थांब्यावर लेख पुन्हा वाचला.
दोन बस सोडल्या.
ते रडणं कुठं असेल, बोटानं ओळ न् ओळ शोधत गेले.
सापडलं.
'दुपारी त्यांनी थोडा वेळ शटर खाली घेतलं.'
एवढंच.
तीनदा वाचताना तीनदा
मी त्यावरून चालत गेले होते.

पुरवणी चाचांना परत दिली नाही.
कुणाची तरी भेळ त्या दिवशी
दुसऱ्या कागदात गेली असेल.

आणि आता हे लिहितेय.
नाव बदललंय, पेठ बदललीये,
चिमट्यांचा आकडासुद्धा.
तरी बघा,
शटर माझ्याकडून
उघडंच राहिलं.