डावीकडची खिडकी

फुलेवाडीचा नाका सुटला तेव्हा दोन दहा.
डांबर मऊ झालेलं, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
उन्हं उतरल्यावर निघू म्हटलं तर अण्णा म्हणाले,
"दोन दहाची वेळ आहे."
रिटायर होऊन सहा वर्षं झाली.

मांडीवर डबा : दशम्या, बिनलसणाची शेंगाचटणी,
आणि अट एकच, दिवस मावळायच्या आत जेवण,
मग घाट असो नाहीतर आणखी काही.

एकतीस वर्षं कोल्हापूर–वैभववाडी.
खाकी सदऱ्याच्या कॉलरी आई उलटून शिवायची,
खिशावर पट्टी : भू. पा. मगदूम.
आज याच रस्त्यावर पहिल्यांदा हात रिकामे.
ते कुठं ठेवायचे कळेना त्यांना,
आधी डब्यावर, मग गुडघ्यावर,
मग दाराच्या वरच्या मुठीला.

बालिंग्याच्या पुलाखाली भोगावती अडलेली,
पाण्यावर नुसती म्हशींची शिंगं.
पुढं गुऱ्हाळांची चुलवाणं गार,
चिमण्यांच्या तोंडावर खऱ्या चिमण्या.

"हळू. पुढं साळवणची शाळा."
"सुट्टी आहे, अण्णा."
"शाळेला असंल. रस्त्याला न्हाई."

असळज सुटलं आणि डोंगर जवळ सरकले.
उतारावर भाजलेले तरवे, काळे चौकोन,
एका चौकोनात एक बाई ढेकळं फोडत होती,
तिच्या डोक्यावरचा पदर तेवढा पिवळा.
काचा बंद होत्या तरी पिकला फणस आत आला
आणि मागच्या सीटवर बसून राहिला.

गगनबावड्याला चहा. टपरी तीच, पोरगा नवा.
हुसेनभाई ड्रायव्हरचा कप कधी मोजायचे नाहीत.
पोरानं मोजले. दोन कप, चोवीस रुपये.
अण्णांनी सुट्टे काढून दिले,
कप विसळून जागेवर ठेवला,
आणि गाडीत बसल्यावर पाच मिनिटं गप्प.

मग घाट.
वळणाच्या दहा हात अलीकडं
त्यांचा उजवा पाय रबरी मॅटवर दाबला जातो.
तिथं ब्रेक नाही.
गाडी माझ्या पायानं थांबते,
त्यांच्या पायानं वळते.
"किती वळणं आहेत हो एकूण?"
"मोजली न्हाईत. मोजाय लागलं की चुकतं माणूस."

रुंद जागा बघून थांबलो.
कठड्यापलीकडं कोकण, उन्हात धुरकट,
घासून पालथ्या घातलेल्या भांड्यांसारखे डोंगर,
एकाआड एक, शेवटचे तर दिसतात की नाही असे.
अण्णा बघत राहिले. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.
"एवढं खोल हाय हे?"

मला हसू आलं, मग नाही आलं.
"नजर जाईल तिकडं हात जातोय, सुनेत्रा.
म्हणून बघितलीच न्हाई कधी.
माणसं मागं बसून 'अय्याऽ' करायची,
त्यावरनं कळायचं, आली दरी."

करवंदाचा द्रोण घेऊन एक पोर आली.
वीस रुपये. चीक लागलेली बोटं.
मी पैसे काढत होते, तोवर अण्णांनी हात वर केला :
खालून एसटी येत होती, दिसत नव्हती अजून.
"तिसऱ्यावर आणलीया गड्यानं.
आता टाकंल दुसरा."
टाकला.
खालच्या झाडीत तो खरखरता, दमलेला आवाज,
आणि अण्णांची मान थोडी सैल झाली.
लाल गाडी वळणावरून वर आली, गेली.
ड्रायव्हरनं आमच्याकडं बघितलं नाही,
दरीकडं तर नाहीच.
"चांगलाय," अण्णा म्हणाले.

सव्वासहाला कठड्यावर बसून जेवलो.
चटणी खारट झालेली, मीच केलेली.
अण्णांनी दरीकडं तोंड करून तीन दशम्या खाल्ल्या,
आणि मागं न बघता दोनदा विचारलं,
हँडब्रेक ओढलायस न्हवं?