टोपण

बुधवारी तीनला वर्ग असतो,
जुन्या लिननच्या खोलीत.
उकळलेल्या चादरींचा वास अजून भिंतीत.
खुर्च्या नऊ, माणसं चौदा.
रंकाळ्याकडून वारा सुटला की खिडकी आपटते,
म्हणून तिला सलाइनच्या रिकाम्या बाटलीची पाचर.

टेबलावर रबरी माणूस, कमरेच्या वरचाच.
अण्णाप्पा वॉर्डबॉय, एकेकाळी तालमीतला,
त्याच्या छातीवर तळवे रोवतो
आणि हर्षाली, माझ्या लेकीहून लहान, मोजते:
"दाबा. सोडा. सोडायला विसरू नका, दादा,
सोडल्याशिवाय रक्त भरत नाही."
तो घामाघूम हसतो,
"वस्ताद बी ह्येच म्हणायचे."

मी सत्तावीस वर्षं शिरा शोधतेय.
ही पोर मला काय शिकवणार,
म्हणून मागच्या खुर्चीत विणकाम घेऊन बसायची.

त्या दिवशी ती म्हणाली,
"आज पुस्तक नाही. आज चूक.
झालेली, नाहीतर होता होता राहिलेली.
नाव लिहायचं नाही."
पंखा फिरत राहिला.
कुणीतरी कपाची कानपट्टी उगाच सरळ केली.

आणि माझंच तोंड उघडलं.

अकरा वर्षांपूर्वीची रात्रपाळी.
वीज गेलेली, जनरेटर खोकत होता.
कपाटात दोन बाटल्या, एकाच उंचीच्या:
एकीत पाणी, दुसरीत पोटॅशियम,
थेट शिरेत गेलं तर काळीज थांबवणारं.
सुई भरून झालेली.
फरशी पुसता पुसता आक्काताई म्हणाली,
मान वरसुद्धा न करता,
"बाई, रोजचं टोपण न्हवं ह्ये."

सुई मी बेसिनमध्ये रिकामी केली.
तिला शपथ घातली.
सकाळी अंबाबाईला जाऊन आले.
रजिस्टरात काही नाही.
आणि बाटल्या तशाच, खांद्याला खांदा लावून,
अकरा वर्षं
पुढच्या हाताची वाट बघत.

मेट्रन मुल्लाणी रागावल्या नाहीत.
एवढंच विचारलं, "अजून तिथंच आहेत?"
अण्णाप्पा उठून गेलासुद्धा.
मग म्हणाल्या, "आक्काताईंना बोलवा."

ती दारात, ओले हात पदराला पुसत.
अक्षरओळख नाही.
चौदा जणांसमोर टोपणं मांडली तिनं, भाजीवाली मांडते तशी.
"अंधारात डोळं फसत्यात. बोट फिरवा.
हितं कड हाय, हितं न्हाई."

मी वही आणली नव्हती.
स्वेटरच्या नमुन्यामागं लिहीत होते,
एवढ्यात सात नंबरची बेल वाजली.
मी अर्धवट उठले, तिच्याकडे बघत.

"जावा," ती म्हणाली, "मी थांबतो."