सहावं बोट

जन्मली तेव्हा डाव्या पायाला सहावं बोट होतं.
आत्या म्हणाली, लक्ष्मी आली.
माझी आत्या, म्हणजे माझी सासूच;
दांडिया बाजारात आमच्यात अशाच सोयरिकी.
गाव गुजरातचं, आपली घरं मोजकी,
परक्यात मुलगी द्यायची तर चौकशी कुणाकडे करायची?
सर्जननं बोट काढलं. दोन टाके पडले.
लक्ष्मीचं पुढे काय झालं कुणी विचारलं नाही.

मग वजन. "डबा जरा हलका द्या," शाळेतल्या बेन म्हणाल्या.
मी पोळ्या मोजायला लागले.
मग नववीतलं नवरात्र.
दिव्यांखाली छान फिरत होती, टाळी चुकत नव्हती,
पाणी प्यायला रिंगणाबाहेर गेली
आणि उजेड संपतो तिथेच उभी राहिली,
हात पुढे करून,
जिथे भिंत नव्हती तिथे भिंत चाचपत.
पोरी हसल्या. मी ओरडले, "शर्वाणी, नाटकं पुरे!"

डोळ्यांची फाईल निळी. मूत्रपिंडाची पिवळी.
आहाराची नुसती वही, तेलकट झालेली.
अलकापुरी ते कारेलीबाग रिक्षातून हिंडवले मी
एकाच मुलीचे तुकडे.

रक्त पाठवलं त्याला दहा आठवडे झाले.
निरालीबेननं कागदावर गोल काढले, चौकोन काढले.
माझ्या गोलापासून हेमंतच्या चौकोनापर्यंत
दोन आडव्या रेघा: नात्यातलं लग्न.
सोळाव्या गुणसूत्रावर एक अक्षर बदललेलं,
दोघांकडून तेच आलेलं.
"तुमच्यात झोपून होतं," त्या म्हणाल्या.
नाव बार्डेट-बीडल.
मी ते सासूला सांगताना तीनदा अडखळले.

"घरात आधी कुणाला असं?"
मी नाही म्हणणार होते.
द्वारकाआत्या. आजोबांची बहीण.
दिवेलागण झाली की खोलीतून हलायची नाही.
रात्रीची भांडी घासायला लागू नयेत म्हणून, असं सगळे म्हणत.
मीही म्हटलंय, तिला पाहिलेलं नसताना.
लग्न जमलं नाही. अंगावर सूज येऊन गेली.
एकच फोटो आहे, त्यात पाय लुगड्याखाली.

निरालीबेननं सगळ्यात वर एक गोल काढला
आणि काळा भरला. बाजूला प्रश्नचिन्ह.

परतताना सूरसागरावर दिवे लागले होते.
ती म्हणाली, "म्हणजे मी नाटक करत नव्हते ना?"
मला बोलता आलं नाही.
तिनं माझा दंड धरला, कोपराच्या जरा वर.
घरच्या जिन्यात मी पायऱ्या सांगत गेले, एक, दोन,
जप, आता पुढची
थोडी उंच आहे.