कुजबुजता खेळ

दारावर लिहिलं होतं: दर शनिवारी, सकाळी अकरा,
मुलांसाठी आणि त्यांना घेऊन येणाऱ्यांसाठी. प्रवेश मोफत.
मोफत म्हटलं की मी आधी खालची बारीक अक्षरं वाचतो.
खाली एवढंच होतं: ओल्या छत्र्या बाहेर ठेवा.

हलमध्ये त्या दिवशी असा वारा
की नदीकाठाने चाललेली माणसं
कुणाच्या तरी पाया पडायला निघाल्यासारखी वाकलेली.
मी रात्रभर बेकरीत. चार हजार ब्रेड,
सहाला सुटका, मनगटापर्यंत आंबलेल्या पिठाचा वास.
सुप्रिया सकाळीच गेली, लोकांचे दात उपटायला हातभार लावायला,
म्हणजे शाल्मली माझ्या वाट्याला
आणि शाल्मलीच्या वाट्याला मी,
जेवढा उरलो होतो तेवढा.

थिएटरच्या त्या छोट्या दालनात खुर्च्या नव्हत्या. उशा होत्या.
ही चूक त्यांची.
रात्रपाळीच्या माणसाला उशी दाखवू नये.

दिवे मंदावले. एक बाई आली,
तिच्या हातात मोडक्या छत्रीचा बगळा.
बगळ्याने एक पाय उचलला.
एवढं मी पाहिलं. एवढं शपथेवर सांगतो.

पुढचं सगळं शाल्मलीकडून.

सोमवारी, वरणभात चिवडताना:
बाबा, तू घोरलास.
आधी बारीक, मग डंपरमधून खडी ओततात तसा.
सगळे हसले. दाराशी बसणारी ग्लेनिस
तुला उठवायला निघाली,
तर बगळ्याने पंख आडवा धरला.

मंगळवारी, दात घासताना, तोंडभर फेस:
तो तुझ्याजवळ आला, तुझा हात हुंगला,
मग चोचीवर बोट ठेवलं.
बगळ्याला बोट असतं?
त्या दिवशी होतं.
आणि मग सगळा खेळ कुजबुजत झाला.
वादळ कुजबुजत आलं,
जहाज बुडालं तेही हळूच, कुणाला त्रास नको म्हणून,
ढोलवाल्याने टिपरूला स्वतःचा पायमोजा चढवला.
साठ-सत्तर मुलं
"मागे बघ, तुझ्या मागे!" असं
नुसत्या ओठांनी ओरडली.

बुधवारी पाण्यात शार्क आला.
गुरुवारी शार्क नव्हता, कधीच नव्हता,
मीच नीट ऐकत नाही म्हणे.
शेवटी टाळ्यांऐवजी सगळ्यांनी हात हवेत हलवले,
पुढच्या रांगेतल्या दुपट्यातल्या बाळानेसुद्धा.
इथे मी हरकत घेतली.
ती फेटाळली गेली.

मला आठवतं ते फक्त काळं, ऊबदार पाणी.
जाग आली तर अंगावर ग्लेनिसचा कोट, खिशात तिच्या खोकल्याच्या गोळ्या,
दालन रिकामं,
आणि शेजारी शाल्मली, मांडी घालून, ताठ,
खजिन्यावर बसलेल्या नागासारखी.

नऊ वर्षांत या देशाने मला गजर लावून उठवलंय,
फोन करून, दार ठोठावून उठवलंय,
एकदा तर आगीची घंटा वाजवून, आग नसताना.
झोपू दिलं ते त्या दिवशी.
तेही फुकट.

पुढच्या शनिवारी मी पुरती तयारी केली.
दोन कप कडक चहा, तोंडावर गार पाणी,
उशी दिली ती बाजूला सारून जमिनीवर बसलो.
बगळा आला नाही. एक काटकुळा पोरगा आला,
काठ्यांवर ताटल्या फिरवणारा.
मी प्रत्येक ताटली पाहिली. मोजल्या. अकरा.
टाळ्या वाजवल्या, जरा जास्तच.

शाल्मलीने दोनदा वळून माझ्याकडे बघितलं.
तिसऱ्यांदा कानाशी आली,
तोंडाला संत्र्याचा वास,
"बाबा, थोडा झोप ना," म्हणाली,
"तू जागा असलास की
काहीच होत नाही."